नागपूरच्या संत्रापट्ट्यात बिनट्रॅफिकचं ग्रॅव्हल सायकलिंग: पांदण शोधण्यापासून पंक्चरपर्यंत सगळं

नागपूर झिरो माइलचं गाव, त्यामुळे चारही दिशांना हायवे आणि चारही दिशांना ट्रक. रविवारी पहाटे साडेपाचला निघालं तरी अमरावती रोडवर वाडीच्या पुढे कंटेनर कानाजवळूनच जातो, आणि समृद्धीवर तर सायकल सोडा, टू व्हीलरलाही बंदी आहे. म्हणून इथले बरेच सायकलवाले वर्षानुवर्षं तेच करतात, फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जास्तीत जास्त गोरेवाडा, तर्री पोहे आणि घरी. मग ग्रुपमधला कोणीतरी नाशिकला जाऊन द्राक्षाच्या मळ्यांमधले फोटो टाकतो आणि खाली सगळे लिहितात, आपल्याकडं असं काही नाही बे.

आहे नं भाऊ. कळमेश्वर, सावनेर, काटोल, नरखेड हा सगळा संत्र्याचा पट्टा आहे, छोट्या छोट्या टेकड्या आहेत, एका गावावरून दुसऱ्या गावाला जाणाऱ्या मुरमाच्या पांदणी आहेत आणि त्यांच्यावर तासभर चाललं तरी दोन मोटरसायकली आणि एक बैलबंडी एवढाच ट्रॅफिक. डांबर सोडून अशा कच्च्या रस्त्यांवर सायकल चालवणं म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग. फक्त हे रस्ते कोणत्या अॅपवर रेडिमेड भेटत नाहीत, ते काढावे लागतात. आणि माझं म्हणणं असं आहे की ते काढताना नकाशा नंतर, आधी शेतीचं कॅलेंडर बघा. तीच पांदण जानेवारीत स्वर्ग राहते आणि ऑगस्टमध्ये तिच्यावर सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागते.

पश्चिमच काहून

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो काळा दगड म्हणजे बसाल्ट, आणि दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड जवळपास नागपूरपाशीच संपते. शहराच्या पूर्वेला मौदा-भंडारा साइडला गेलं की दगड वेगळा, जमीन सपाट, धानाच्या बांध्या. तिथं सायकल चालते पण चढउतार नाही. पश्चिमेला आणि वायव्येला मात्र लाव्हाचे थर, सपाट माथ्याच्या टेकड्या, उतारावर मुरूम आणि खोलगट भागात काळी माती. हा मुरूम म्हणजेच आपलं ग्रॅव्हल, बाहेरून काही आणायचं काम नाही.

आता यातली कामाची गोष्ट. संत्र्याच्या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, डिंक्या रोग लागते, म्हणून शहाणा शेतकरी बगीचा शक्यतो निचऱ्याच्या जमिनीत लावतो. म्हणजे ज्या पांदणीच्या दोन्ही बाजूंना बगीचे आहेत ती पांदण कपाशी-सोयाबीनच्या वावरातल्या पांदणीपेक्षा बहुतेक वेळा लवकर वाळते. रूट काढताना दोन पर्याय दिसले तर मी डोळे मिटून बगीच्याच्या बाजूचा घेतो. चढ मोठे नाहीत, घाटबीट विसरा, पण एकामागून एक येतात, पाच मिनिटं वर, दोन मिनिटं खाली, नाला, परत वर, आणि चाळीस किलोमीटरनंतर पाय बोलायला लागतात.

कधी जायचं

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, भेटला हे सगळ्यांना माहीत राहते पण त्याचे दोन बहार असतात हे शहरातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तुटतात. मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास निघते. सायकलवाल्यानं हे दोन बहार पाठ करावेत, कारण तोडणी सुरू झाली की पांदणीवर छोटा हत्ती टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर असं सगळं सुरू होते, आणि अरुंद पांदणीत समोरून संत्र्याच्या क्रेटनं भरलेली गाडी आली तर मागं तुम्हालाच जावं लागते, तिला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरचं हवामान एक नंबर. तोडणी असली तरी टायमिंग सांभाळलं की झालं. मजूर सकाळी येतात, तोडणी-भरणी दुपारपर्यंत चालते आणि भरलेल्या गाड्या मार्केटकडे निघतात त्या दुपारनंतर. तुम्ही उजाडताना सुरू करून अकराच्या आत डांबरी रस्त्याला लागले तर कोणाचा कोणाला त्रास नाही. याच दिवसात झाडांच्या फांद्यांना बांबूचे टेके लावलेले दिसतात, फळाच्या वजनानं फांदी मोडू नये म्हणून, आणि बुंध्याला कंबरेपर्यंत निळसर पांढरा लेप, तो मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो. फोटो काढा, हात लावू नका.

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी हा माझ्या मते पूर्ण वर्षातला सगळ्यात भारी काळ. आंबिया फुललेला राहते, सकाळच्या थंडीत पांदणीत शिरलं की वासानंच कळते बगीचा किती जवळ आहे ते. मधमाश्या भरपूर राहतात, तोंड बंद ठेवून आणि चष्मा लावून चालवा, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट होते, आदल्या दिवशी अंदाज बघून घ्या.

मार्चच्या शेवटापासून ऊन. एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आठ वाजता घरी असलं पाहिजे, नाहीतर जाऊच नका. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, जंगलाच्या कडेला लोक पहाटे वेचायला येतात आणि अस्वलालाही मोह तेवढाच आवडते.

पावसाळ्यात काळ्या मातीचं नाव घेऊ नका. ही माती टायर आणि फोर्कच्या मधात भरते, चाक फिरायचं बंद होते, तरी आपण जोर लावतो आणि मग मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, स्पोकमध्ये जाऊन त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटते, आणि तो हँगर गावात कुठंही भेटत नाही. साधी टेस्ट आहे. रस्त्यावरची माती मुठीत घेऊन दाबा, लाडवासारखा गोळा झाला आणि हाताला चिकटून राहिला तर तिथूनच परत फिरा. भुरभुरीत सुटली तर चला. पाऊस थांबल्यावर मुरूम एका कोरड्या दिवसात चालवण्यासारखा होतो, काळ्या मातीला तीन-चार दिवस ऊन लागते. आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी चालू राहते तेव्हा वावरातून शॉर्टकट मारायचा मोह टाळा, कापलेले खुंट टायरची साइडवॉल फाडतात.

रूट काढायची पद्धत

पहिलं काम घरी बसून. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ उघडा, मोठ्या स्क्रीनवर जुन्या तारखांचे फोटो नीट बघता येतात. तुमचा पट्टा निवडा, समजा कळमेश्वर ते मोहपा. बगीचे वरून ओळखायला सोपे, ठिपक्या-ठिपक्यांची सरळ जाळी दिसते. दोन जाळ्यांच्या मधून दोन्ही बाजूंना झाडं असलेली फिकट लालसर रेष गेली की ती पांदण. आता तीच रेष उन्हाळ्याच्या फोटोत आणि पावसाळ्यानंतरच्या फोटोत, दोन्हीकडे बघा. उन्हाळ्यात दिसते आणि ऑक्टोबरच्या फोटोत हिरव्यात हरवते, तर ती पांदण वापरात नाही, झुडपं माजली आहेत. दोन्हीत दिसली तर ट्रॅक्टर चालू आहे, म्हणजे सायकल जाईल. नाला जिथं ओलांडते तिथं झूम करून रपटा, म्हणजे बुटका सिमेंटचा पूल, आहे का ते बघा, पांढरी सिमेंटची पट्टी दिसते.

दुसरं, गाव नकाशा. महसूल खात्याचे गाव नकाशे आता भूनकाशाच्या सरकारी साइटवर ऑनलाइन आहेत, जिल्हा, तालुका, गाव टाकलं की गटांची आकृती येते. जुन्या गाव नकाशात तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेष म्हणजे पायवाट. हे बघायचं कारण म्हणजे उपग्रहाच्या फोटोत दिसणारा प्रत्येक रस्ता सगळ्यांचा नसतो, काही काही शेतकऱ्याचे स्वतःच्या वावरातले खाजगी रस्ते असतात आणि त्यांच्यातून घुसून गेलं की भांडण होणारच. नकाशावरची पांदण ही गावाची, तिच्यावरून जायला कोणी अडवत नाही. तरीही अतिक्रमणं असतात, पांदण नकाशावर गाडी जाईल एवढी आणि जागेवर हँडल जाईल एवढी, हेही बघून घ्यावं लागते.

तिसरं, हे सगळं ओएसमॅन्ड किंवा कोमूट या नकाशाच्या अॅपमध्ये तुकडे जोडून एक ट्रॅक बनवा आणि ऑफलाइन सेव्ह करा, टेकडीच्या मागं नेटवर्क जाते. ट्रॅक बनवताना एक नियम पाळा की प्रत्येक आठ-दहा किलोमीटरवर डांबरी रस्त्याला लागणारी एक सुटका पाहिजे. पांदण फसली, टायर फाटला, कोणाला उन्हाचा त्रास झाला, तर तिथून बाहेर निघता आलं पाहिजे.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारा. पण नीट विचारा. "काका, पुढं रस्ता जाते का?" असं विचारलं की उत्तर एकच राहते, "जाते नं." त्यांच्या हिशोबानं ते खरंच राहते, पायी माणूस सगळीकडूनच जातो. त्याऐवजी असं विचारा की बंडी जाते का, मोटरसायकल जाते का, मागच्या पाण्यात टॅक्टर फसला का, आणि गिट्टी टाकली की मुरूम. हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. शेत-पांदण रस्त्याच्या सरकारी योजनांमधून इकडे बरेच रस्ते होऊन राहिले, त्यात आधी गिट्टी पसरवतात, मग वरून मुरूम आणि मग रोलर. पण गिट्टी पडून मुरूम यायचा राहिला असं पुष्कळदा होते, आणि मोकळी गिट्टी ही सायकलसाठी चिखलापेक्षाही वाईट, मुठीएवढे दगड चाकाखालून सरकतात आणि चाळीस मिलीमीटर रुंदीचा टायरही बावचळतो. गिट्टी म्हटलं की दुसरी पांदण धरा.

नवा रूट पहिल्यांदा ग्रुप घेऊन करू नका. एकट्यानं किंवा दोघांनी मोटरसायकलवर आधी बघून या.

सायकल कोणती पाहिजे

ग्रॅव्हल बाइकच पाहिजे असं काही नाही, हे आधी सांगतो, कारण लोक तिथंच अडकतात. ७०० बाय ३५ चा टायर असलेली साधी हायब्रिड या पट्ट्यात आरामात चालते, त्याच रिमवर आणि फ्रेममध्ये ३८ किंवा ४० बसत असेल तर बदलून घ्या, सगळ्यात स्वस्त अपग्रेड हाच आहे. एमटीबी असली तरी मस्त, फक्त डांबरीवर थोडी जड जाईल. रोड बाइकवर २५ चा टायर घेऊन मात्र येऊ नका.

हवा हा विषय लोक मनावर घेत नाहीत. सायकलवाला पंपावर कचकचून ६०-७० भरून देतो आणि मग मुरमावर हातांना मुंग्या येतात. सत्तर किलोच्या आसपासचा माणूस, ४० चा टायर, ट्यूब असेल तर ४० ते ४५ पीएसआय, ट्यूबलेस असेल तर ३० ते ३५. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. वजन जास्त असेल तर वाढवा. टायरच्या बाजूला लिहिलेली मर्यादा ओलांडू नका आणि फार कमीही नको, ट्यूबवाल्या टायरला रपट्याच्या कडेवर दणका बसला की रिम आणि दगडाच्या मधात ट्यूब चिमटते, दोन समांतर भोकं पडतात.

गिअरमध्ये एवढंच बघा की पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं जवळपास सारखं पाहिजे, पुढं ३० मागं ३४ असं काही असलं तर या टेकड्यांना पुरते. जुन्या हायब्रिडचं पुढचं तीन चक्रांचं सेटअप लोक हसण्यावारी नेतात पण २८ चं छोटं चक्र इथं देवासारखं धावून येते. चेनला कोरड्या दिवसात ड्राय ल्यूब, घट्ट तेल लावलं की मुरमाची धूळ त्यात बसून चेन खाते.

काटे

या पट्ट्यातला खरा शत्रू चढ नाही, बाभूळ आहे. शेतकरी जनावरं अडवायला बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून कुंपण करतात, त्यातले वाळलेले काटे पांदणीत पडतात, शिवाय पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला गोखरू. चाकाच्या खुणांवरून चालवा, मधल्या गवताच्या पट्ट्यावरून नको आणि कडेनं तर अजिबातच नको.

ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, हा सगळ्यात चांगला उपाय, बाभळीच्या काट्याचं भोक तो बंद करते. काटा दिसला की उपटा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून अर्धा मिनिट थांबा, सीलंट तिथं जमा होऊ द्या. पण आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळते, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा नाहीतर आत फक्त रबराची पापडी सापडेल.

ट्यूबवाल्यांसाठी एक ट्रिक, ही खास आपल्या भागाला शोभणारी. पंक्चर झालं, ट्यूब बदलली आणि पाच मिनिटात परत पंक्चर, असं होते कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहते, बाहेरून तुटलेलं, आतून केसाएवढं निघालेलं, बोट फिरवलं तर कधी कळते कधी बोटातच घुसते. त्यासाठी बॅगेत कापसाचा बोळा ठेवा. टायरच्या आतून हळूहळू फिरवा, जिथं टोक असेल तिथं कापसाचा तंतू अडकून राहतो. मग नेलकटरनं किंवा चिमट्यानं ते टोक आतूनच ओढून काढा. सोबत दोन ट्यूब, पॅच, पंप, टायर लिव्हर, चेन ब्रेकर, क्विक लिंक आणि आपल्या सायकलचा एक एक्स्ट्रा हँगर. फाटलेल्या साइडवॉलला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा.

पाणी, करंट आणि जनावरं

थंडीतही दोन तासाला एक लिटर धरून चाला. गावातल्या नळाचं किंवा हातपंपाचं पाणी मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. वावरातल्या बोअरवर भरवसा ठेवू नका कारण शेतीची लाइन कधी दिवसाची कधी रात्रीची राहते. आणि ठिबकच्या नळीचं पाणी कधीच पिऊ नका, दिसायला स्वच्छ राहते पण त्याच नळीतून विद्राव्य खत सोडतात. फवारणी चालू असलेल्या बगीच्याजवळ वारा कुठून येऊन राहिला ते बघा, तुमच्याकडे येत असेल तर फवारा थांबेपर्यंत मागंच थांबा.

आता करंट. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पिकाचं नुकसान करतात म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. ती सोलरवर चालते, थांबून थांबून झटका देते, जोरात लागते पण सहसा माणूस मरत नाही. खरा धोका वेगळा आहे, काही ठिकाणी रात्री तारेत डायरेक्ट करंट सोडतात, ते बेकायदेशीर आहे आणि त्यात माणसं गेलेली आहेत. गुडघ्याएवढ्या खुंटांवर बारीक तार, अंधारात दिसतही नाही. म्हणून दोन नियम, सूर्य निघायच्या आधी पांदणीत शिरायचं नाही, कितीही चांगला लाइट असला तरी, आणि कुठल्याही तारेच्या कुंपणाला सायकल टेकवायची नाही. पहाटेचा अंधारातला वेळ डांबरी रस्त्यावर घालवा, उजाडलं की आत.

बिबट आणि वाघ इथं आहेत. एका बाजूला पेंच, दुसऱ्या बाजूला बोर, आणि मधल्या कोंढाळी-काटोल-कळमेश्वरच्या जंगलातून त्यांचं जाणं-येणं आहे. एकट्यानं जंगलाच्या कडेला जाऊ नका, कानात इअरफोन नको, बोलत बोलत चला. राखीव जंगलातल्या रस्त्यावर वनखात्याची परवानगी लागते आणि व्याघ्र प्रकल्पात आपल्या मनानं सायकल घेऊन जाता येत नाही, म्हणून रूट जंगलाच्या बाहेरूनच काढा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, अॅम्ब्युलन्स १०८, इमर्जन्सी ११२.

कुत्रे जास्त त्रास देतात खरं म्हणजे. पळवू नका, उतरा, सायकल मधात धरा आणि चालत जा, बगीच्याचा राखणदार तोपर्यंत ओरडतोच.

पांदणीवर वागायचं कसं

संत्रा तोडू नका. पडलेलाही उचलू नका. कारण बगीच्याचा सौदा बहुतेक वेळा आधीच झालेला राहते, झाडावरचा माल व्यापाऱ्याचा आणि राखण करणारा माणूस त्याचा, तिथं एका फळावरून शेतकरी आणि व्यापारी यांची कटकट होते. पाहिजेत तर मागा, पैसे द्या, बहुतेक वेळा पैसे घेतच नाहीत आणि जेवढे मागितले त्याच्या दुप्पट देतात. साली पांदणीतच फेकू नका.

बैलबंडी आली की थांबा, बाजूला व्हा आणि बैल तुमच्या शेजारून जाईपर्यंत फ्रीव्हील फिरवू नका, त्या कटकट आवाजाला बैल बुजतात. मागून जात असाल तर घंटीपेक्षा तोंडानं आवाज द्या, "भाऊ, बाजूनं निघतो". आणि कोणी "कुठचे जी?" विचारलं तर थांबून दोन शब्द बोला, पुढच्या रपट्याची बातमी तिथंच भेटते. फाटक लावलेलं असेल तर उघडून गेल्यावर परत लावा, उघडं सापडलं तर उघडंच ठेवा.

सुरुवातीचे रूट

अगदीच नवे असाल तर मेट्रोनं लोकमान्य नगर स्टेशनला उतरा, नागपूर मेट्रोत सायकल नेता येते, आणि हिंगण्यावरून मोहगाव झिल्पी तलावाकडे जा. एमआयडीसीचा तुकडा रविवारी सकाळी करा, बाकी दिवशी ट्रक राहतात. तलावाच्या आसपास मुरमाचे छोटे तुकडे आहेत, टायरची हवा आणि बॅलन्स जमवायला पुरतात.

सपाट पण लांब पाहिजे असेल तर पेंचचा उजवा कालवा, नवेगाव खैरीपासून पारशिवनीच्या बाजूनं. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंचचंच. कडेच्या सर्व्हिस रोडवर चालवायला मजा येते पण तो पाटबंधारे खात्याचा आहे, गेट बंद किंवा पाटी दिसली तर विषय संपला. पाण्यापासून दोन मीटर आत राहा. कालव्याच्या अस्तराला शेवाळ राहते, आत घसरलेला माणूस पोहता येत असलं तरी वर चढू शकत नाही.

माझा आवडता म्हणजे कळमेश्वर, धापेवाडा, आदासा, मोहपा आणि परत कळमेश्वर. पांदणी किती घेता त्यावर चाळीस ते पन्नास किलोमीटर. काटोल रोडनं फेटरीवरून कळमेश्वरला गाडीनं या, तिथून उत्तरेला धापेवाडा, चंद्रभागेच्या काठचं विठ्ठलाचं देऊळ, विदर्भाची पंढरी म्हणतात ती हीच. इथपर्यंत थोडं डांबरी चालेल. धापेवाड्याहून आदासा, टेकडीवरचा गणपती, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, शेवटचा चढ छोटा पण चांगला दम काढणारा. आदाशाहून मोहप्याकडे येताना खरा माल आहे, बगीचे, मुरूम, रपटे, परत बगीचे. हा भाग घाई न करता करा. चतुर्थीला आदाशाला आणि आषाढीच्या जत्रेच्या दिवसात धापेवाड्याला गर्दी राहते, ते दिवस सोडा. खायला धापेवाड्यात आणि मोहप्यात हॉटेलं आहेत, मधात काही नाही.

सगळ्यात चढउताराचा म्हणजे काटोल ते कोंढाळीचा पट्टा. काटोल नागपूर-इटारसी लाइनवर आहे, पॅसेंजरचं टाइमटेबल जुळलं तर सायकल पिशवीत सुटी करून नेता येते, नाहीतर गाडी. काटोलहून दक्षिणेला कोंढाळीकडे टेकड्या वाढत जातात, जाम आणि कार नदीवरची धरणं याच भागात. इथं मात्र जंगल लागते, म्हणून चार जणांच्या खाली जाऊ नका आणि दुपारी तीनच्या आत कोंढाळी गाठा. कोंढाळीहून नागपूरला अमरावती रोडनं सायकलवर यायचं नाही, गाडी आधीच तिथं बोलावून ठेवा. बाजारगावच्या बाजूला स्फोटकांचे कारखाने आहेत, त्यांच्या भिंतीलगतच्या रस्त्यांवर जाऊ नका, फोटो तर काढूच नका.

आणि तरी नाशिकला जायचंच असेल तर

जा, छानच आहे, इथं पाय तयार झाले असतील तर तिथं जास्त मजा येईल. नाशिक आपल्यापेक्षा दुपटीनं उंचीवर आहे, सकाळी गार राहते, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरपासून दिंडोरीकडे जाणाऱ्या भागात वाइनचे मळे आणि मातीचे रस्ते दोन्ही आहेत. सुला ही वायनरी १९९९ मध्ये तिथंच गंगापूरच्या बाजूला सुरू झाली आणि मग बाकीच्या वायनरी उभ्या राहिल्या. वेळ निवडताना तेच कॅलेंडर लावा. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. गोडी छाटणीनंतर फवारण्या खूप होतात, मळ्याला चिकटून चालवायचं असेल तर तो काळ सोडा. तोडणीच्या दिवसात मळे सगळ्यात सुंदर दिसतात पण शनिवार-रविवारी वायनरीच्या रस्त्यावर कारच कार, म्हणून मंगळवार-बुधवार धरा. मळे खाजगी आहेत, आतल्या रस्त्यावर विचारल्याशिवाय सायकल घालू नका. टेस्टिंग करायचं असेल तर राइड पूर्ण झाल्यावर, सायकल रूमवर ठेवून, रिक्षानं जा.

नागपूरहून सेवाग्राम एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस दोन्ही नाशिक रोडला थांबतात. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक करा, गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला पोहोचा, तिकीट सोबत लागते. पेडल काढून घ्या, हँडल आडवं करा, डिरेलरवर जाड पुठ्ठा बांधा आणि फ्रेमवर मार्करनं नाव, फोन नंबर आणि नाशिक रोड असं मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद चिकटवा. लाइट, पंप, बॉटल सगळं काढून बॅगेत. पावती जपून ठेवा, उतरल्यावर तीच दाखवून सायकल सोडवावी लागते.